उजवी मूठ

शनिवारी सकाळी कऱ्हाडहून काकांचा फोन आला तेव्हा ऋजुता मोहिते मेथी निवडत बसली होती.

"आत्या बोलत नाहीये गं," काका म्हणाले. "काल संध्याकाळपासून यंत्र गप्प आहे. बिघडलं बहुतेक."

"बंद करून परत सुरू केलंत?"

"दोनदा केलं. पडद्यावर काहीतरी लिहून येतंय, पण माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. तुझ्याच कंपनीचं आहे ना ते, बघ की जरा."

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या बघते, असं ऋजुताने सांगितलं. तिला फारशी काळजी वाटली नाही. अधूनमधून जोडणी तुटायची, पुन्हा लागायची.

आत्या म्हणजे वैजयंती जगदाळे. कऱ्हाडच्या मुलींच्या शाळेत तिने सव्वीस वर्षं कबड्डी शिकवली होती. ऋजुताची आई लवकर गेली, त्यानंतर दहावीपर्यंत ऋजुता आत्याकडेच वाढली. आत्याची जीभ तिखट होती. मैदानावर शिट्टी न वाजवता नुसत्या आवाजाने ती खेळ थांबवायची, आणि घरात नवऱ्याला, म्हणजे काकांना, सगळ्यांसमोर सुनवायलाही कमी करायची नाही. दोन वर्षांपूर्वी मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली आणि एका दुपारात ती मानेपासून खाली लुळी पडली. हातपाय गेले, जीभ आणि ओठही गेले. पापण्या आणि डोळ्यांची वरखाली हालचाल, एवढंच उरलं. ऐकू यायचं, दिसायचं, स्पर्श कळायचा, विचार पूर्वीइतकेच लख्ख होते. फक्त बाहेर यायला वाट नव्हती.

ती वाट ऋजुताच्या कंपनीने काढून दिली. यंत्राचं नाव स्वरसेतू.

बोलायचं ठरवलं की मेंदूचा एक पट्टा जिभेला, ओठांना, स्वरयंत्राला हुकूम सोडतो. अवयव हलले नाहीत तरी हुकूम सुटतातच. स्वरसेतूमध्ये त्या पट्ट्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ जाळी बसवतात. जाळी हुकूम टिपते, उशाशी ठेवलेलं यंत्र त्यांचे शब्द करतं, आणि रुग्णाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या त्याच्याच आवाजात ते शब्द बोललेही जातात. आत्याच्या आवाजासाठी शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या चित्रफिती वापरल्या होत्या. चौदा महिन्यांपूर्वी त्या आवाजात पहिलं वाक्य आलं तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

हे सगळं मासिक सदस्यत्वावर चालायचं. सिनेमे बघण्यासाठी घेतात तसंच. सदस्यत्व घेताना, वाढवताना, बंद करताना पडद्यावर जे संदेश येतात, ते लिहिणं हे ऋजुताचं काम होतं.

सोमवारी नचिकेत सबनीसने तिला केबिनमध्ये बोलावलं. सेवाविभाग त्याच्याकडे होता. एरवी तो माणसाला आधी बसायला सांगायचा. आज त्याने पडदाच तिच्याकडे वळवला.

"शुक्रवारी तुझा नवा संदेश लागला. तेव्हापासून दोनशे बारा जणांनी सेवा बंद केली. एरवी महिन्याला तीन होतात."

ऋजुताने आकडा पुन्हा वाचला. एकूण सदस्य चार हजार शंभर होते.

"तुझा संदेश लोकांना कळलेला नाही," नचिकेत म्हणाला. "चुकून बंद होतंय. दोनशे बारा माणसांची वाचा गेली आहे, ऋजुता. सकाळपासून नातेवाइकांचे फोन येताहेत, काही जण रडताहेत. आणि शुक्रवारपासून एकेकाचे सात दिवस पूर्ण होतील; ठेवा असं त्यांनी स्वतः सांगितलं नाही तर आवाजाचा साठा पुसावाच लागेल, कायदाच आहे तसा. मग त्यांना पुन्हा पहिल्यापासून वर्षभर शिकवत बसावं लागेल."

त्याने एक पानी निवेदन पुढे सरकवलं. रद्द करण्याचा संदेश संदिग्ध होता, त्यामुळे या मुदतीतल्या सर्व रद्दनोंदी अमान्य समजून सेवा पूर्ववत करण्यात येत आहे. खाली सहीची जागा होती, संदेशाच्या लेखिकेसाठी.

ऋजुता यादी वाचत होती. आडनावांच्या क्रमाने लावलेली होती. ज वर तिचं बोट थांबलं.

जगदाळे, वैजयंती प्रताप. कऱ्हाड. शुक्रवार, सायंकाळी ५.४०.

"ही माझी आत्या आहे," ती म्हणाली.

नचिकेतने पडदा स्वतःकडे घेतला, नाव वाचलं. "मग तर सही कर आणि तिला आजच्या आज सुरू करून दे," तो हळू आवाजात म्हणाला. "स्वतःची जीभ कोण कापून घेईल?"

हा संदेश तिने सहा महिने भांडून बदलून घेतला होता. जुना संदेश असा होता: "सदस्यत्व रद्द करायचे आहे? हो / नको." त्यातल्या 'नको'चा अर्थ रद्द नको की सेवा नको, हे तिचं तिलाच कळायचं नाही. शिवाय पडद्याच्या तळाशी असलेल्या 'बंद करा' या खुणेवर रुग्णाने नजर रोखली की प्रश्न यायचा, पण त्याचं उत्तर स्वरसेतूतून बोलूनच द्यायचं असायचं. तिने लिहिलेला नवा संदेश तिला पाठ होता:

"तुम्ही स्वरसेतू बंद करत आहात. बंद केल्यावर हे यंत्र तुमच्या वतीने बोलणार नाही. सात दिवसांच्या आत ते पुन्हा सुरू करता येईल. त्यानंतर तुमच्या आवाजाचा साठा कायमचा पुसला जाईल. बंद करण्यासाठी उजवी मूठ आवळल्याची कल्पना करा. चालू ठेवण्यासाठी डावी."

मूठ आवळल्याचा हुकूम मेंदूत इतका ठसठशीत उमटतो की क्षीण झालेल्या जाळीलाही तो टिपता येतो. उत्तर तीनदा विचारलं जायचं. तिन्ही वेळा एकच आलं तरच सेवा बंद व्हायची. दोनशे बारा माणसं तीन तीन वेळा चुकतील, हे तिला पटेना.

"मला परवापर्यंत वेळ दे," ती म्हणाली. "तिला विचारून येते."

"कशी विचारणार? ती बोलत नाहीये."

"पूर्वी विचारायचो तशी."

*

दुपारच्या बसने ती कऱ्हाडला पोचली. काकांनी दार उघडलं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीत राहणारे प्रतापकाका तीन दिवसांत ओघळल्यासारखे दिसत होते.

"आलीस, बरं झालं. घर खायला उठतंय बघ. दिवसभर बोलायची गं ती. जेवलात का, गोळी घेतलीत का. खरं सांगू, आजारपणानंतर किती गोड झाली होती. तीस वर्षांत मला एवढं प्रेमानं कधी बोलली नव्हती."

आत्या खिडकीजवळच्या पलंगावर टेकून बसवलेली होती. ऋजुताला बघून तिचे डोळे झपकन वर गेले आणि तिथेच राहिले. वर म्हणजे हो. खाली म्हणजे नाही. ऋजुताच्या लक्षात आलं की गेल्या चौदा महिन्यांत आपण या डोळ्यांकडे नीट बघितलेलंच नाही. भेटायला आलो की यंत्राच्या आवाजाकडे तोंड करून बोलायचो.

कपाटावरून तिने अक्षरपाटी काढली. एका जाड पुठ्ठ्यावर तिनेच पूर्वी मुळाक्षरं लिहिली होती, ओळीने. काना-मात्रा नव्हत्या. ओळीवर बोट फिरवायचं, डोळे वर गेले की त्या ओळीतल्या अक्षरांवर फिरवायचं. पुठ्ठ्यावरची धूळ तिने ओढणीने पुसली.

"आत्या, शुक्रवारी यंत्र बंद झालं. तुझ्याकडून चुकून झालं?"

डोळे खाली गेले.

"तूच बंद केलंस?"

वर.

काका मागे उभे होते. "तिला प्रश्न कळला नसेल," ते म्हणाले. "परत विचार."

ऋजुताने परत विचारलं, शब्द फिरवून विचारलं. उत्तर फिरलं नाही. मग तिने पाटी धरली. पहिल्या अक्षराला दोन मिनिटं लागली. द. मग ख. मग त. मग य.

"दुखतंय?"

डोळे वर गेले, आणि त्यांतून पाणी वाहू लागलं.

"कुठे?"

ड, व. मग ख, द.

"डावा खांदा?"

वर.

सांभाळणाऱ्या मावशी रोज सकाळी आत्याला डाव्या काखेत हात घालून उचलून बसवायच्या. ऋजुताने गाऊनची बाही सरकवली. उजव्या खांद्याशी ताडून बघितल्यावर डॉक्टरची गरज नव्हती. डावा खांदा खाली उतरला होता, वरच्या हाडाखाली खड्डा पडला होता आणि भोवतीची कातडी काळीनिळी होती.

"कधीपासून?" तिने विचारलं आणि महिन्यांची नावं घेत गेली. आश्विन म्हटल्यावर डोळे वर गेले. म्हणजे सहा महिने.

"असं कसं?" काका पुढे आले. "मी रोज विचारायचो. रोज सकाळी. कसं वाटतंय, काही दुखतंय का. ती म्हणायची, बरं आहे. तिच्याच तोंडून. तिच्याच आवाजात. डॉक्टर येऊन गेले, त्यांनाही तेच म्हणाली."

आत्याचे डोळे खाली, वर, खाली असे होत होते. ऋजुताने पाटी समोर धरली.

म, न, ह.

"मी नाही?"

वर.

*

क्ष-किरण खोलीबाहेरच्या बाकावर बसून ऋजुताने फरहान तांबोळीला फोन लावला. तो यंत्राचा अभियंता होता, 'पूरक' त्याच्या देखरेखीखाली चालायचा.

पूरकाशिवाय स्वरसेतू चाललाच नसता. जाळीतून येणारे हुकूम अर्धवट, गोंगाटात बुडालेले असतात. गळणाऱ्या छपराखाली ठेवलेल्या रेडिओसारखे. मधले शब्द पूरक भरतो. समोरच्याने काय विचारलं ते तो ऐकतो, रुग्ण आधी काय बोलला ते त्याला आठवतं, आणि लाखो माणसांची संभाषणं त्याने वाचलेली असतात. त्यावरून इथे बहुधा कोणता शब्द येईल ते तो ठरवतो. हुकूम स्पष्ट असेल तर पूरक मागे राहतो. हुकूम पुसट असेल तर पुढे येतो.

"माझ्या आत्याच्या बोलण्यात तिचा वाटा किती होता ते बघशील?" ऋजुताने विचारलं.

"वाटा? तसा कुणी बघत नाही. वाक्य नीट आलं की झालं." कळफलकाचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"फरहान?"

"पहिल्या महिन्यात एकाहत्तर टक्के तिचं होतं. नंतर उतरत गेलंय. जाळीभोवती व्रणाची कातडी धरते ना, हुकूम बुजत जातात. पण वाक्यं तितकीच सफाईदार येत राहिली, म्हणून कुणाला..." तो पुन्हा थांबला. "दिवाळीपासून सहा टक्के आहे."

"म्हणजे चौऱ्याण्णव टक्के तू."

"पूरक," तो म्हणाला. मग म्हणाला, "हो. कसं वाटतंय असं विचारलं की लोक बहुतेक वेळा बरं आहे असंच म्हणतात ना. हुकूम पुसट असला की तो तेच म्हणणार."

"आणि जुन्या संदेशाला? नक्की बंद करायचं का, असं विचारल्यावर?"

"राहू दे, असं म्हणणार," फरहान म्हणाला. "अरे देवा."

ऋजुताने फोन मांडीवर ठेवला. दोनशे बारा माणसं कित्येक महिने बंद करा, बंद करा म्हणत होती, आणि त्यांच्याच आवाजात यंत्र म्हणत होतं, राहू दे. शुक्रवारी पहिल्यांदा त्यांच्यापुढे असा प्रश्न आला होता, ज्याचं उत्तर त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणी दिलं नाही.

मग तिला कार्तिक महिन्यातला एक रविवार आठवला.

अमोघशी तिचं लग्न ठरलं होतं. हॉल ठरला होता, आणि एका भांडणानंतर तिचं मन उडालं. कुणाला सांगायचं कळेना, म्हणून तिने आत्याला फोन केला होता. तासभर बोलली होती. शेवटी आत्या म्हणाली होती, "तुझ्या मनाला जे पटतं ते कर, मी तुझ्या पाठीशी आहे." आत्याने पाठीशी आहे म्हटल्यावर तिने दुसऱ्या दिवशी लग्न मोडलं. अमोघ नंतर बेंगळुरूला गेला. गेल्या महिन्यात त्याचं लग्न झाल्याचं कळलं होतं.

खांदा बांधून आत्याला घरी आणल्यावर ऋजुता पलंगाशी बसली. विचारू नये असं तिला वाटत होतं. तरी तिने विचारलं.

"अमोघचं मी सांगितलं, तेव्हा मनाला पटेल ते कर म्हणालीस. ते तू म्हणालीस?"

आत्याने तिच्याकडे बघितलं. डोळे खाली गेले.

"मग तू काय म्हणत होतीस?"

थ. ब.

थांब.

आत्याने तिला थांब म्हटलं होतं. कदाचित दहा वेळा, जीव तोडून. आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्याच आवाजात भलतंच काहीतरी बोललं गेलं होतं, आणि पोरगी आभार मानून फोन ठेवून मोकळी झाली होती. थांबले असते तर काय झालं असतं, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

थोड्या वेळाने आत्याचे डोळे पाटीकडे वळले. एक वाक्य पुरं व्हायला अकरा मिनिटं लागली. काना-मात्रा ऋजुताने अंदाजाने घातल्या आणि प्रत्येक शब्द तिला विचारून पक्का केला: आवाज बंद झाला तर तुम्ही माझ्याकडे बघाल, म्हणून.

*

बुधवारी ती नचिकेतसमोर बसली. निवेदनाच्या शेजारी तिने खांद्याचं क्ष-किरण चित्र ठेवलं आणि फरहानने काढून दिलेला तक्ता ठेवला. दोनशे बारा जणांपैकी एकशे अठ्ठ्याण्णव जणांचा स्वतःचा वाटा दहा टक्क्यांच्या खाली होता.

नचिकेत तक्ता वाचत असताना त्याचे कान लाल होत गेले.

"बाकीचे?" त्याने विचारलं. "ज्यांनी बंद केलं नाही ते?"

फरहान दाराशी उभा होता. "दहाच्या खाली अजून नऊशे आहेत. त्यांच्यात काहींचा शून्य आहे."

"शून्य म्हणजे?"

"जाळीतून काहीच येत नाही. बोलणं चालू आहे."

शून्य वाट्याच्या माणसांच्या घरीही त्या क्षणी कुणीतरी विचारत असेल, चहा घेणार का, आणि छान उत्तर येत असेल.

"आपण पूरक बंद केला तर हजार घरं एकदम गप्प होतील," नचिकेत म्हणाला. "लोक आपल्याला फाडून खातील. त्यांना वाटेल आपण त्यांचं माणूस हिरावलं."

"ते माणूस कधीच हिरावलं गेलंय," ऋजुता म्हणाली. "त्यांना कळलं नाही एवढंच. मी यावर सही करणार नाही. संदेश स्पष्ट होता. लोकांनी तो वाचला, समजून घेतला आणि उत्तर दिलं. हे मी लिहून देते."

तिने तिथेच निवेदनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तेवढी दोन वाक्यं लिहिली, खाली सही केली. नचिकेत तो कागद हातात घेऊन बसला. त्याने तो फाडला नाही. दुपारी त्यानेच तो तक्त्यासह नियामक कार्यालयाला पाठवला आणि स्वतःचं नाव ऋजुताच्या सहीखाली घातलं.

पुढच्या दोन दिवसांत कंपनीने नऊशे घरांमध्ये पूरक थांबवला. त्याआधी लोकांना काय लिहून पाठवायचं हा प्रश्न ऋजुताकडेच आला. तिने लिहिलं: "आजपासून हे यंत्र अंदाजाने बोलणार नाही. त्यामुळे ते गप्प झाल्यासारखं वाटेल. कृपया तुमच्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा आणि त्याला विचारा." काही घरांतून आभाराचे निरोप आले. चाळीस-एक घरांनी वकील गाठले, आमचं पूर्वीचं बोलणं परत द्या म्हणून. नगरच्या एका मुलाने लिहिलं की आई तीन महिने काहीच बोलत नव्हती हे आम्हाला कळवून तुम्ही काय मिळवलंत. ते पत्र तिच्याकडे अजून तसंच आहे.

*

शुक्रवारी संध्याकाळी ती कऱ्हाडला होती. पाच चाळीसला सात दिवस भरणार होते. साडेपाच वाजता पडद्यावर शेवटची सूचना आली: "आज तुमच्या आवाजाचा साठा पुसला जाईल. तो ठेवायचा असेल तर डावी मूठ. पुसायचा असेल तर उजवी."

काका दुरुस्त होऊन आलेला चष्मा लावून ते वाचत होते. दोनदा वाचलं.

"ऋजुता, नुसता आवाज ठेवता येईल का? बोलायला नको. ऐकायला. स्नेहसंमेलनातला वेगळा, आणि हा... हा माझ्याशी बोललेला आहे."

"ते तिला विचारा, काका."

काका पलंगाच्या कडेवर बसले. आत्याच्या बांधलेल्या खांद्याला धक्का लागणार नाही अशा बेताने बसले. तीस वर्षांच्या संसारात बायकोची परवानगी मागायची सवय असलेला हा माणूस, पण आता त्याला शब्द जुळवायला वेळ लागला.

"ती यंत्रातली माझ्याशी गोड बोलायची," ते म्हणाले. "मला आवडायचं. तू बोलते आहेस असं वाटायचं म्हणून आवडायचं. तू नव्हतीस हे मला कळायला पाहिजे होतं. मला कळलं नाही. ठेवू का तो आवाज?"

आत्याचे डोळे खाली गेले आणि खालीच राहिले.

काकांनी मान हलवली. पडद्यावर उजव्या मुठीची खूण एकदा उमटली, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. पाच चाळीसला यंत्राचा दिवा विझला. काकांनी भिंतीतून वायर काढली, नीट गुंडाळली आणि यंत्र उचलून बाहेरच्या खोलीत ठेवून आले. येताना त्यांनी पाटी आणली. ती धरायची कशी हे त्यांना अजून जमत नव्हतं. ऋजुताने त्यांचं बोट पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं.

"हं," काका म्हणाले. "बोल."

पहिल्या अक्षराशी ते तीनदा चुकले. आत्याने प्रत्येक वेळी डोळे खाली घेतले, आणि त्यांनी प्रत्येक वेळी बोट मागे नेलं.